सैल मुंढा

"मुंढा काचतोय गं आई, जरा सैल कर ना," म्हणत ठकीने आपला कोट कापडाच्या थरावर टाकला आणि तशीच पाठमोरी झाली. "संध्याकाळी नेते. उद्या घालायचाय. आणि उगाच सगळा उसवत बसू नकोस, नुसतं बगलेत बघ." एवढं बोलून पोरगी गेलीसुद्धा. जिन्यावर तिच्या बुटांची टकटक तळमजल्यापर्यंत ऐकू आली, मग रस्त्याच्या गोंगाटात हरवली. कटिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या तिच्या आईच्या हातातला खडू मात्र होता तिथेच राहिला, अर्ध्या काढलेल्या रेघेवर.

आता मुंढा कुणाचाही काचतो. बाही खांद्याला जोडतात तिथला घेर तो, कापणाऱ्याने जरा हात आखडता घेतला की काचायचाच. आणि दुकानातून तयार कपडे घेणाऱ्यांचा तर काचायलाच हवा, असं तिचं ठाम मत होतं. ते कपडे माणसासाठी नसतातच, हँगरसाठी असतात. रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन यायचं. ती म्हणायची, "हात वर करा," आणि टेप न लावता, नुसत्या नजरेनेच कुठे किती सोडायचं ते ठरवून मोकळी व्हायची. त्यात घाबरण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण ठकी अठ्ठावीस वर्षांची झाली होती, आणि बगलेत काचतंय असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली होती. आलं का हिला? आलं असेल तर सांगणार कोण? सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, याचं काय उत्तर द्यायचं? तिने कोट उचलला, उलटा करून बघायला अस्तराला हातही घातला, आणि मग चटका बसल्यासारखा काढून घेतला. कोट घडी करून टेबलाखालच्या फळीवर ठेवला. बघू दुपारी. आधी बाह्या कापू.

बाह्यांचा काय दोष? दवाखान्याच्या गणवेशांचं काम होतं, फिकट हिरवं कापड, थरावर थर रचलेले. तिने बाहीचा पुठ्ठ्याचा खाका ठेवला, त्याच्या कडेने खडू फिरवला, मशीनची पाती चालवली, गठ्ठे बांधले आणि शिवायला दिले. थोड्या वेळाने काजं-बटणं करणारी बाई दोन बाह्या दोन हातांत धरून आली. ही बाई म्हणजे शिलाईखान्याचं वर्तमानपत्र. तिला सगळे काजवाली म्हणत. "मास्तर," ती म्हणाली, "त्या दवाखान्यातल्या नर्सांना दोन्ही डावेच हात असतात का हो?" मशिनी थांबल्या. हसण्याचा एक लोट आला. तिने बाह्या हातात घेतल्या. खरंच, सगळ्या डाव्या. खाका पालटायलाच विसरली होती ती. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो तसली चूक. "काय मास्तर, आज लक्ष कुठंय? घरी भांडून आलात की काय?" काजवालीने विचारलं. "हो, भांडूनच आले, आणि आता तुझ्याशी भांडणारे," ती म्हणाली, हसली, आणि पुन्हा कापड पसरायला लागली. तिला सगळे मास्तरच म्हणत. तिच्या आधी याच टेबलापाशी तिचे वडील उभे असत. ते गेल्यावर टेबल तिच्याकडे आलं आणि टेबलाबरोबर ते नावही. बाईमाणसाला मास्तर म्हणताना सुरुवातीला लोकांची जीभ अडखळायची, मग सवय झाली. टेबलाबरोबर आणखीही काय काय आलं होतं, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

तिला आठवले ते बाबांचे हात. कापताना दिसायचे ते नव्हेत, चालतानाचे. बाबा अंगाने काडी, पण चालायचे दोन्ही हात अंगापासून लांब धरून, आखाड्यातून आत्ताच कुस्ती मारून आल्यासारखे. गल्लीतली पोरं मागून "पैलवान, ओ पैलवान" करत यायची आणि तशीच हात फुगवून चालायची. तीही त्या पोरांत असायची, आपल्याच बापाची नक्कल करत. बाबा मागे वळून नुसते बघायचे. ताठा आहे मास्तरला, असं लोक म्हणत. त्यांच्या सदऱ्यांना बगलेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असे, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या जुन्या कापडाचा, आणि त्याची शिवण बाहेरच्या बाजूला. दुसऱ्यांचे कपडे असे नेटके शिवणारा माणूस स्वतःचा सदरा उलटा घालतो का काय, अशी थट्टा व्हायची. ती सोळा-सतरा वर्षांची झाली तशी बाबांनी तिचेही कपडे तसेच बेतायला सुरुवात केली. खोल मुंढा, सैल बाही, बगलेत जोड. ती चिडायची. "मी काय पोतं आहे का? मैत्रिणी हसतात मला." बाबा सुईत दोरा ओवत म्हणायचे, "हात वर करायला बरं असतं." बस. पुढे एक शब्द नाही. आपण कुणापुढे हात वर करत फिरणार आहोत, हे तिला कधी कळलं नाही. लग्न झाल्याझाल्या तिने ते सगळे कपडे बोहारणीला देऊन टाकले आणि अंगाबरोबर बसणारे नवे शिवले, स्वतःच्या हातांनी.

ठकी दोन वर्षांची असताना, उन्हाळ्यात, ते आलं. आधी वाटलं घामोळं. पावडर मारली. मग वाटलं साबणाने झालं, साबण बदलला. बगलेत बारीक फोड उठायचे, ते फुटून जागा ओली व्हायची, मग तिथे कागदाने कापल्यासारख्या चिरा पडायच्या, आणि आंघोळीचं पाणी लागलं की ती ओठ चावून उभी राहायची. आठ-पंधरा दिवसांनी बरं व्हायचं, तपकिरी डाग ठेवून जायचं, आणि आता सुटलो असं वाटतं न वाटतं तोच पुन्हा हजर. मग मानेच्या मागे. मग छातीखाली. तेव्हा ती बाबांकडे आली, इथेच, या शिलाईखान्यात, आणि लाजत लाजत मापं घेण्याच्या पडद्याआड त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आली का." एवढंच. विचारल्यासारखं नाही, चौकशी केल्यासारखं नाही, उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल बोलावं तसं. "काय आली?" तिने विचारलं. "माझी," ते म्हणाले, "माझ्या आईची." आणि कपाटातून आपला एक जुना सदरा काढला, निळ्या बारीक चौकड्यांचा, त्यातून दोन तुकडे फाडले आणि तिला दाखवू लागले: जोड असा लावायचा, शिवण नेहमी बाहेर काढायची, आत घेतलीस तर ती करवतीसारखी चालते. नायलॉनचा दोरा वापरायचा नाही. कापड नवं नको, मेलेलं हवं, ज्यातला सगळा ताठा धुऊन गेलाय असं. ती ऐकत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: यांना माहीत होतं. सोळाव्या वर्षापासून माझ्यासाठी मुंढे खोल कापत होते आणि तोंडातून ब्र काढला नाही. वर्षभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. त्यांनी स्वतःचं कधी दाखवलंही नाही. ते तिने बघितलं ते अगदी शेवटी, दवाखान्यात, नर्सने ताप बघायला त्यांचा हात वर केला तेव्हा. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

डॉक्टरकडे ती नंतर गेली, नवऱ्याच्या आग्रहाने. तरुण डॉक्टर होता, समजावून सांगण्याची हौस असलेला. म्हणाला, कातडी म्हणजे विटांची भिंत समजा, तुमच्या भिंतीत विटा चांगल्या आहेत पण मधलं सिमेंट कच्चं आहे, घासलं, घाम साचला की विटा सुटतात. "म्हणजे टीप कच्ची," ती म्हणाली. "हो, तसंच." जन्मतःच असते, घराण्यातून येते, उगवते मात्र पंचविशी-तिशीत. कुणाला शिवल्याने होत नाही. जीव जात नाही. मुळापासून जातही नाही, मलमांनी आटोक्यात राहते. आणि नाव सांगितलं त्याने. दोन भावांनी मिळून शोधलेला आजार, म्हणून एकच आडनाव दोनदा: हेली-हेली. तिला हसूच फुटलं. लहान पोरींच्या फेर धरायच्या खेळाला शोभावं असं नाव! हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा डॉक्टर गांगरला आणि त्याने विचारलं, "मुलं किती?" एक मुलगी. मग तो कागदावर रेघा काढत म्हणाला, निम्मी शक्यता. येईल किंवा नाही येणार. मोठी झाली की सांगून ठेवा. घट्ट कपडे नकोत, काचू देऊ नका, आधीपासून जपलं तर पुष्कळ फरक पडतो. "हो, सांगेन की," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, जणू जाताना दूध आणायचं होतं.

नाही सांगितलं. आधी पोर लहान होती. मग परीक्षा होत्या. मग नोकरी नवी होती, मग ती मैत्रिणीबरोबर वेगळी खोली घेऊन राहायला गेली, आणि आठवड्यातून एकदा जेवायला येणाऱ्या लेकीच्या ताटात हे कुठे वाढायचं? पण हे सगळे बहाणे होते आणि ते बहाणे आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं. खरी गोष्ट निराळीच होती आणि ती कुणापुढे बोलण्यासारखीही नव्हती. तिने पैज मारली होती. बाबांनी माझे मुंढे सैल कापले, म्हणजे त्यांनी आधीच हार मानली, जणू बोलावूनच घेतलं त्याला. मी नाही बोलावणार. माझ्या लेकीचे कपडे मी असे कापीन की अंगावर दुसरी कातडी. आणि तसेच कापले तिने. ठकी स्टुलावर उभी राहायची, लाकडी बाहुलीसारखी हालचाल न करता, त्यावरून तर तिचं नाव ठकी पडलं, आणि आई तोंडात टाचण्या धरून मुंढा घट्ट घेत जायची, आणखी थोडा, आणखी थोडा. "आई, आवळतंय." "आवळत नाही, बसतंय. नीट बसलेला कपडा असाच वाटतो." लोक म्हणायचे, फ्रॉक शिवावा तर मास्तरने आपल्या मुलीचा शिवला तसा. तिला केवढा अभिमान वाटायचा! काचू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाला होता. आणि ती वर्षानुवर्षं आपल्या हातांनी काचवत होती, कशासाठी, तर नशिबाला दाखवायला की मी तुला घाबरत नाही. आज टेबलावर डाव्या बाह्यांचा ढीग बघताना तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातली कात्री तिने खाली ठेवली. कापण्यालायक बाई नाही तू, तिने स्वतःला सांगितलं, खुशाल बटणं लाव.

दुपारी सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला. तो बस डेपोत मेकॅनिक होता. त्याच्या मागे कायम कुठलं तरी इंजिन घुरघुरत असायचं. "अहो, ठकी कोट टाकून गेलीय." "मग शिव की. तुझाच धंदा." "मुंढा काचतोय म्हणाली." इंजिनाचा आवाज मोठा झाला, मग बंद झाला, त्यानेच कुणाला तरी बंद करायला सांगितलं असावं. "तू सांगणार, का मी सांगू?" त्याने विचारलं. तिला रडू येत होतं म्हणून ती खेकसली, "तुम्ही काय सांगणार? तुम्हाला तर साधा वाससुद्धा येत नाही!" ही त्यांच्यातली जुनी गोष्ट होती. पहिल्यांदा ते चिघळलं आणि त्याला वास सुटला तेव्हा ती अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत निघाली होती. तो म्हणाला होता, जातेस कुठं, माझं नाक लहानपणापासून बंद, मला कसलाच वास येत नाही, झोप इथेच. तिने विश्वास ठेवला. पुढे कधीतरी दूध करपलं तेव्हा तो जिन्यावरूनच ओरडत आला होता, गॅस बंद कर गं म्हणून. ती काही बोलली नाही, तोही नाही, आणि बंद नाकाचा माणूस घरात तसाच नांदत राहिला. आता तो फोन घेऊन बाजूला गेला असावा, दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मला सगळे वास येतात. तुलाही माहितेय. आता पुरे झालं की आपलं हे."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. वास. तो एक उन्हाळा होता, ठकी शाळेत जात होती आणि शाळा सुटली की इथेच येऊन टेबलाखाली अभ्यास करायची. पंखा बिघडलेला, वर पत्रा तापलेला, आणि आईच्या दोन्ही बगला चिघळलेल्या. दुपारी काजवाली नाक मुरडून म्हणाली, "कुठंतरी उंदीर मेलाय बघा." झालं! सगळे कामाला लागले. कपाटं सरकवली, चिंध्यांची पोती उपसली, मशिनी हलवल्या. आणि तीही शोधत होती! कोपर अंगाशी घट्ट दाबून, वाकून, टेबलांखाली डोकावून, "इथे नाही", "इकडे बघा बरं" असं म्हणत सगळ्यांबरोबर आपलाच उंदीर शोधत होती. प्रेसवाला म्हणाला, वास या टेबलाकडूनच येतोय. तेवढ्यात टेबलाखालून ठकी बाहेर आली, दप्तर पोटाशी धरून, आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या दप्तरात दूध सांडलंय. सकाळचं. त्याचा वास आहे." सगळे हसले, काजवालीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिने, आईने, काय करावं? सगळ्यांसमोर पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "घाणेरडी कुठली! सांगता येत नाही का आधी?" सुटल्याच्या आनंदात घातला होता तो धपाटा, म्हणून जरा जोरातच लागला. घरी जाऊन धुवायला दप्तर उघडलं तर आत कोरडं ठणठणीत. दुधाची बाटली त्या दिवशी न्यायचीच राहिली होती. ओट्यावर पालथी होती, सकाळी घासून ठेवलेली. ठकी बाहेर गुणगुणत गणितं सोडवत होती. आईने तिला काही विचारलं नाही. दप्तर मात्र धुतलं, साबण लावून, दोनदा.

आता कुणी नव्हतं. तिने फळीवरून कोट काढला, खिडकीशी नेला आणि उलटा केला. कपडा तिच्याशी खोटं बोलत नसे. घाम वाळला की त्याची पांढरट कड राहते. ते दुसरं, फोडांतलं पाणी, वाळलं की कापड खळ लावल्यासारखं कडक होतं, पिवळसर, आणि त्याला मध्येच एखादा लालसर ठिपका असतो. हे ठिपके तिला माहीत होते, स्वतःच्या कपड्यांवरून, आणि इतकी वर्षं ते कपडे तिने उशीच्या अभ्र्याआड वाळत घातले होते. पण अस्तरावर डाग नव्हता. डाग दिसायला अस्तर दिसायला हवं. दोन्ही बगलांत एकेक चौकोनी तुकडा जोडलेला होता. हाताने शिवलेला. टाके असे की बघवत नाहीत, एक लांब, एक आखूड, एक तिरका. दोरा ओढून ओढून कापडाला चुण्या पडलेल्या. जन्मात सुई न धरलेल्या माणसाचे टाके. आणि कापड निळं होतं, बारीक चौकड्यांचं, मऊ, मेलेलं. बाबांच्या सदऱ्याचं. त्यातलं उरलेलं कापड घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर, एका पिशवीत होतं, आणि त्या पिशवीबद्दल तिने कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. कुठलं कापड लागतं तेही माहीत होतं. टेबलाखाली बसलेली असतानाच माहीत होतं. आणि तिने विचारलं नाही, कारण या घरात विचारत नाहीत, या घरात दूध सांडतं आणि नाकं बंद असतात.

तिने तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या तोंडून "अगं माझे बाई" एवढंच निघालं. शिवण आतल्या बाजूला होती. कातडीकडे, कारण कोटाखाली ती बिनबाह्यांचंच घालायची. दुमडलेली कड, त्यावर नायलॉनच्या दोऱ्याच्या गाठी, सगळं आत. बाहेरून नीट दिसावं म्हणून घेतली असणार बिचारीने. कुणीही तशीच घेईल, सांगितलं नाही तर. आणि त्या कडेला, त्या गाठींवर, ते ठिपके होते. बरं वाटावं म्हणून लावलेला तुकडाच रोज तिला कापत होता. हात वर केला की कापत होता, खाली घेतला की कापत होता, आणि ती बहुधा समजत होती की हे असंच असतं, सोसायचं.

तिने ब्लेड घेतलं आणि पहिला टाका तोडला. मग दुसरा. हात आपोआप चालायला लागले. किती वेळाचं काम? तुकडा काढायचा, पालटायचा, सुती दोऱ्याने शिवण बाहेर घ्यायची, मुंढा थोडा सोडायचा. संध्याकाळी ठकी येईल, घालून बघेल, म्हणेल, वा, आता बरं वाटतंय. ती म्हणेल, हात वर करायला बरं असतं. आणि ठकी कोट घेऊन जिना उतरेल. ठकीला कळेल की आईला कळलंय, आईला कळेल की ठकीला कळलंय, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. केवढी सोय! तिसरा टाका. चौथ्याशी ब्लेड थांबलं. तिला भिंतीकडे मान फिरवलेले बाबा दिसले. त्या वेळी तिला त्यांचा राग आला होता, मग कीव आली होती. आज मात्र तिला कळलं की ते काय करत होते. तेसुद्धा असेच दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, या टेबलापाशी तिच्यासाठी मुंढे खोल करत बसले असतील, मनापासून, मायेने, आणि प्रत्येक टाक्याबरोबर त्यांना वाटलं असेल की सांगून झालं. तिने ब्लेड खाली ठेवलं. तीन टाके तुटलेला तुकडा लोंबत राहिला. कोट तिने टेबलावर मधोमध ठेवला, उलटा, बगला वर करून. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसला असता. काजवाली जेवून आली, तिने बघितलं, म्हणाली, "कुणी केलीय ही कारागिरी?" "माझ्या मुलीने," ती म्हणाली. "मास्तरच्या मुलीने?" "मास्तरने शिकवलं नाही तर दुसरं काय होणार?" काजवालीने कोट होता तसाच राहू दिला आणि ती आपल्या जागेवर गेली.

मशिनी एकेक करून बंद झाल्या. लोक पिशव्या घेऊन निघाले. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकत कोटापर्यंत आली तेव्हा जिन्यावर बुटांची टकटक ऐकू आली, सकाळपेक्षा सावकाश. ठकी दारात थांबली. तिने टेबलाकडे बघितलं, मग आईकडे. तिचे दोन्ही हात अंगापासून जरासे लांब होते. सकाळी हे कसं दिसलं नाही? बाबांची नात होती ती.

"झाला?"

"नाही."

"अगं, उद्या घालायचाय म्हटलं होतं ना तुला."

"शिवण आत घेतलीस तू," आई म्हणाली. "बाहेर घ्यायची असते. आत घेतली की ती करवतीसारखी चालते. आणि नायलॉनचा दोरा नाही वापरायचा."

ठकीने मान खाली घातली. मग वर केली तेव्हा डोळे भरलेले होते आणि चेहरा रागाचा होता. "मला काय माहीत? मला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"कधीपासून वाट बघतेय मी. मला वाटलं, तू विचारशील. मग वाटलं, कोटच देऊन बघावं."

आईला पुष्कळ बोलायचं होतं. डॉक्टरच्या रेघा, पैज, घट्ट फ्रॉक, दप्तर, सगळं. पण पहिल्यांदा जे तोंडातून निघालं ते रोजचंच होतं. तिने कोपऱ्यातला मापाच्या खोलीचा पडदा सारला, आतला दिवा लावला. "ये. बघू दे मला. हात वर कर."

ठकी पडद्याच्या आत आली, आरशाला पाठ लावून उभी राहिली, आणि तिने दोन्ही हात छातीशी घट्ट घेतले.

"आधी तू," ती म्हणाली.

पडदा अर्धवट उघडाच होता. बाहेर रिकाम्या खुर्च्या, झाकलेल्या मशिनी, टेबलावर उलटा कोट. आईने ब्लाउजचं पहिलं बटण काढायला घेतलं आणि हजारो बटणं लावलेली-काढलेली तिची बोटं ते भोक सापडेना म्हणून चाचपडत राहिली. ठकी मदतीला आली नाही. ती थांबली, जितका लागेल तितका वेळ. बटणं निघाली. कापडाचा जोड कातडीला चिकटला होता तो तिने हळूच सोडवला. मग तिने हात वर केला, पूर्ण, कानापर्यंत, आणि मान कुठेही फिरवली नाही. ठकी वाकली. जुने तपकिरी डाग होते, त्यांच्यात एक ताजी लाल रेघ. तिने ते बराच वेळ बघितलं, नाक न मुरडता, डोळे न मिटता. तिचा श्वास आईच्या उघड्या कातडीला लागत होता, आणि आईला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, ना लाज, ना मेल्याहून मेल्यासारखं. गार वाटलं नुसतं.

"दुखतं?" ठकीने विचारलं.

"उन्हाळ्यात. आता फार नाही."

"मला आत्ता दुखतंय," ठकी म्हणाली, आणि तिने हात वर केला.